मेलेल्या बाईचा भाऊ

साळिग्रामम, चेन्नई
१७ जुलै

अक्का,

माझा नंबर दिसला की तू फोन कापतेस, हे अत्तानांनी, तुझ्याच नवऱ्याने, सांगेपर्यंत मी पुदुकोट्टैच्या टॉवरला शिव्या घालत होतो. म्हणून हे पत्र. पोस्टमनला कापता येत नाही. फार तर पाकीट चुलीत घालशील. पण चुलीत घालण्याआधी ते कुणाचं आहे हे तू बघणार, आणि बघितलंस की वाचणार. नाटकाच्या दौऱ्यावर वड्यांच्या पुड्याचा कागदसुद्धा तू तेल पुसून वाचायचीस.

आधी पोस्टरचं बोलून टाकू.

अत्तान सकाळी दूध आणायला गेले आणि बस स्टँडच्या भिंतीवर तू. गळ्यात हार, दोन्ही बाजूंना समया, डोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘अश्रूंची आदरांजली’. खाली जन्म आणि मृत्यू. मृत्यू कालचा. अत्तान म्हणाले, ‘‘मच्चान, मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. म्हटलं, काल रात्री तर हिने मला घोरतो म्हणून ढोसून उठवलं होतं. मग ही गेली केव्हा?’’ घरी येऊन ते तुला काही बोलले नाहीत, आधी तुझ्या पायांकडे बघितलं म्हणे. पाय सरळ होते, तेव्हा दूध तापवायला ठेवलं.

आपली मावशी, अरंतांगीची चित्ती, बसमधून उतरली ती कोपऱ्यापासूनच छाती बडवत, विलाप गात आली. तू ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत बसलेली. तुला बघूनही तिने कडवं मध्ये तोडलं नाही, पुरं केलं, आणि मग म्हणाली, ‘‘जिवंत आहेस तर निरोप द्यायला काय झालं होतं? दोन बस बदलून आले मी.’’ नाटक कलावंतांच्या संघाने भला मोठा पुष्पचक्राचा गोल आणला होता. तो परत घेऊन जाणं अशुभ, म्हणून अत्तानांच्या हार्मोनियमला टेकवून ठेवला. अत्तान सांगत होते आणि मी हसत होतो. तेही हसत होते. तू तिथे बाजूला असशील असं मला वाटलं नव्हतं.

हे सगळं चॅनेलच्या जाहिरातवाल्यांचं डोकं. ‘कुंकवाची विहीर’ मालिकेत तू करायचीस ती अळगम्मै आच्ची मेली, तर ते दुःख प्रत्येक गावाच्या भिंतीवर दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे माणूस मेलं की पोस्टर लागतंच, मग आच्चीचं का नको? मालिकेचं नाव त्यांनी तळाशी मोहरीएवढं छापलं आणि वर तुझं खरं नाव, सेंगमलम, भोपळ्याएवढं. ही चूक माझी कशी? आच्चीला मारायचा निर्णयही वरचा. मी फक्त लेखणी हलवली. हुकूम आला की हलवायची, एवढंच आमचं काम. चॅनेलवर आता सगळे पंचविशीचे आहेत. म्हाताऱ्या बाईने लिंबात भूत बांधलेलं त्यांना चालतं, पण तिला तीन वाक्यं बोलताना बघवत नाही.

आणि मरण म्हणजे काय शेवट थोडाच! आमच्या धंद्यात ती बढती आहे. आच्ची भूत होऊन परत येणार, आधीपेक्षा जास्त अधिकारांनिशी. भूत झाल्यावर तिचं वय बावीस असेल, एवढाच फरक. ‘आत्म्याला वय नसतं’ असं एका बैठकीत मी म्हणून गेलो आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंगळुरूहून एक मुलगी आणली आहे. दिसायला बरी आहे, तमिळ मात्र ‘वणक्कम’ म्हणून हात जोडण्यापुरती. म्हणून दंडपाणी सार (तुला ते आवडत नाहीत, पण निर्माता आवडून घ्यायचा नसतोच) म्हणतात, ‘‘चेहरा कुणाचाही चालेल इळंगो, आवाज तुझ्या अक्काचाच पाहिजे.’’ महिन्यातून चार-पाच दिवस डबिंगला यायचं. यात मान आहे अक्का. नीट बघितलंस तर दिसेल.

पुढच्या महिन्यात तुझ्या नातवाचे, अमुदनचे, कान टोचायचे आहेत ना? कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर लागतं, आणि तुझ्या कयलला भाऊ नाही, म्हणजे तिच्या पोरासाठीही मांडी माझीच. कयल स्वतः माझ्याच मांडीवर बसली होती आणि मी नेसलेल्या नव्या वेष्टीची तिने काय दशा केली होती ते तुला आठवत असेल. मांडी तयार आहे. पत्रिका अजून आली नाही. पोस्टाचा काही भरवसा नाही.

तुझा,
इळंगोवन

•

साळिग्रामम
३१ जुलै

अक्का,

अत्तानांचा फोन आला. वाण्याच्या दुकानामागून बोलत होते. म्हणाले, ‘‘मच्चान, निरोप आहे. हार्मोनियमवाला माणूस मी, सूर बदलत नाही. जसाच्या तसा ऐक.’’

‘‘ऐकतो.’’

‘‘मेलेल्या बाईला भाऊ नसतो.’’

‘‘आणखी काही?’’

‘‘आणखी काही नाही. एवढं म्हणाली आणि मासे साफ करायला बसली.’’

मग पत्रिकांचं कळलं. छापून आल्या, वाटूनही झाल्या. मामाच्या जागी सेल्लदुरैचं नाव आहे. अरंतांगीच्या चित्तीचा मुलगा म्हणजे नात्याने भाऊच, हिशेब बरोबर आहे. मी अत्तानांना म्हटलं, ‘‘तो सिमेंटवाला? कयलचं लग्न झालं तेव्हा जेवणाच्या पंगतीतून फोनवर पोती विकत होता तो.’’ अत्तान म्हणाले, ‘‘पण मांडी रुंद आहे रे त्याची.’’

मागच्या पत्रात मी बरंच नीटनेटकं लिहिलं होतं. नीटनेटकं लिहायची सवय वाईट. आता सरळ लिहितो.

पोस्टरवरचा फोटो मी दिला. जाहिरातवाल्यांकडे आच्चीच्या वेषातले फोटो ढीगभर होते. पण त्यांना ‘घरातला वाटेल असा’ हवा होता. मी पाकिटातून काढून दिला. कयलच्या बारशातला, ज्यात तू कुणाला तरी ओरडताना मध्येच कॅमेऱ्याकडे वळली आहेस, तो. त्यांनी तुझं ओरडणं पुसून चेहरा शांत केला. हल्ली ते यंत्रावर करता येतं. तो शांत चेहरा मी पसंत केला. भिंतीवर लागण्याआधी मला दाखवला होता.

मारण्याची कल्पनाही माझीच. बैठकीत प्रेक्षक घटल्याची चर्चा चालली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी लेखकाने कुणाला तरी मारायचं असतं, नाहीतर लेखक बदलतात. मी म्हटलं, ‘‘आच्ची गेली तर?’’ तुझं नाव घेतलंच नाही बघ. मी आच्ची म्हणालो. तू आणि आच्ची या दोन वेगळ्या बाया आहेत असं मला त्या खोलीत मनापासून वाटत होतं. तिथे थंडगार हवा असते, तिच्यात असलं बरंच काही वाटतं.

आणि आता हसण्याचं. हे लिहायचं नाही असं ठरवून मी बसलो होतो.

मेलेल्याचा शॉट झाला की त्या नटाने उठायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, हे आपल्या धंद्यात कुणी शिकवावं लागत नाही. कॅमेऱ्याने ज्याला मेलेलं बघितलं, त्याला त्यानेच जिवंत बघून सोडायचं. चित्रात ते कधी लागत नाही, पण ते घेतल्याशिवाय दिवे बंद करत नाहीत. देवाला शिव्या देणारे दिग्दर्शकही तेवढं चुकवत नाहीत. आणि ‘हसा आता’ हे म्हणायचा मान त्या नटाच्या जवळच्या माणसाचा. सेटवर तुझं जवळचं माणूस मी.

त्या दिवशी सकाळी, कपाळावर नाणं चिकटवून घेताना तू मला धाकट्या भावाच्या जुन्या हाकेनेच विचारलंस, ‘‘तंबी, किती दिवस मेलेली राहायचंय?’’ मी म्हटलं, ‘‘दोन आठवडे, मग परत आणतो.’’ तुझी हनुवटी तेव्हा बांधत होते, म्हणून तू जास्त विचारू शकली नाहीस. त्या पट्टीचे मी मनात आभार मानले.

शॉट संपला. कॅमेरावाला माझ्याकडे बघत होता. दिग्दर्शकही बघत होता. मला फक्त पुढे होऊन ‘अक्का, हस’ म्हणायचं होतं. पण तू हसली असतीस म्हणजे डोळे उघडले असतेस, आणि उघडलेस तर समोर मी. तुला सगळं तिथल्या तिथे कळलं असतं. मी ‘चहा घेऊन येतो’ म्हणालो आणि निघून गेलो. चहा मी घेतलाही. परत आलो तर दिवे बंद, आणि तू तिरडीवर तशीच, नाकात कापूस, वाट बघत. सेटवाल्यांनी तिरडी उचलायला हात लावला तेव्हा तू आपली आपण उठलीस. तोंड धुतलंस आणि बसस्टँडवर गेलीस.

आता तुला पोस्टरचा राग आला आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. तो पोस्टरचा नाही हे मला आणि तुला माहीत आहे.

डबिंगचं विसर. मी काही मागत नाही. फक्त अमुदनला मांडीवर घेऊ दे. तेवढ्यासाठी तू सांगशील ते करीन.

परवा अत्तानांचा फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. पण भाग द्यायचा होता. दिला.

तुझा,
तंबी

•

साळिग्रामम
११ ऑगस्ट

अक्का,

तू बघितलंस. अत्तान म्हणाले, अख्ख्या गल्लीने बघितलं.

कसं झालं ते सांगतो. त्याने काही बदलत नाही, पण सांगतो. आच्चीचा भाऊ तिची हवेली बळकावतो आणि तिचं भूत विहिरीच्या काठावर त्याला गाठतं, असा प्रसंग होता. भाऊ पाया पडतो, म्हणतो, ‘‘मी तुझा भाऊ.’’ आता भूत काय म्हणणार? तुझं वाक्य डोक्यात ठणकत होतं. मी त्याच्या भोवतीने बरंच लिहून बघितलं. शाप लिहिले, सूड लिहिला. सगळं त्याच्यापुढे पाणचट. शेवटी म्हटलं, तात्पुरतं ठेवू, मागून काढू. आणि ठेवलं.

ते कुणी मागून काढत नसतं.

बंगळुरूच्या मुलीने डोळे मोठे केले, डबिंगवालीने तुझ्या आवाजाची नक्कल केली, आणि कन्याकुमारीपर्यंतच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. वडपळनीला एका रिक्षाच्या पाठीवर रंगवून घेतलंय, ‘मेलेल्या बाईला भाऊ नसतो’. चॅनेलवाले म्हणतात, प्रेक्षकांचा असा आकडा वर्षभरात आला नव्हता. दंडपाणी सारांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, ‘‘इळंगो, हे आणलंस कुठून?’’

‘‘सुचलं,’’ मी म्हणालो.

अक्का, दुसरं काहीही म्हणता आलं असतं. ‘माझी बहीण म्हणाली’ एवढं पुरे होतं. लोक हसले असते, कुणी कौतुक केलं असतं. पण गळ्यात हार होता आणि तोंडातून ‘सुचलं’ बाहेर पडलं. गळ्यात हार घालून खोटं बोलणारा मृतदेह जगात मी पहिला असेन.

अत्तानांनी बाकीचं सांगितलं. शेजारची ती पोस्टातली बाई डोळे पुसत तुझ्याकडे आली म्हणे. ‘‘अक्का, काय लिहिलंय हो तुमच्या भावाने! बहिणीवर इतकी माया असल्याशिवाय सुचत नाही असलं.’’ तू तिला कॉफी दिलीस आणि जाताना टीव्ही देऊन टाकलास. ती ‘नको नको’ म्हणत घेऊन गेली.

आता अत्तान फोनवर रडकुंडीला आलेत. ‘‘मच्चान, ती माझ्याशीही बोलत नाही. निरोप मी दिला ना, म्हणून. म्हणते, म्हणजे म्हणत नाही, खुणेने दाखवते, की या घरात बोललेलं चेन्नईला पोचतं. काल सांबारात मीठ नव्हतं. कुणाला सांगू? हार्मोनियमला?’’

‘‘काहीच बोलत नाही?’’

‘‘मांजराशी बोलते. मी आलो की तेही बंद.’’

ज्या बाईने दीड हजाराच्या जमावाला माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकवलं, ती स्वतःच्या स्वयंपाकघरात कुजबुजायला भिते. हे मी केलं. भयकथेचा लेखक म्हणून मी बरीच घरं भारून टाकली आहेत, कपाटांतून हात काढले आहेत, आरशांतून केस. पण एका जिवंत बाईचं घर असं कुणी भारलेलं माझ्या लिखाणात कुठे नाही.

तुला वाटत असेल की ही पत्रंही गळच आहेत. मी कळवळून लिहायचं, तू चिडून काहीतरी बोलायचं, आणि आमचा पुढचा आठवडा निघायचा. तुला तसं वाटलं तर तुझं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मघाशी ‘जिवंत बाईचं घर’ हे लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि कुणाच्या तोंडी बसेल हे बघितलं. मग मला उठून तोंड धुवावं लागलं.

उत्तर पाठवू नकोस. खरंच नको. आलं तर मी काय करीन, याची मला खात्री नाही.

पण मी येणार आहे. पत्रिकेत नाव नसलं तरी. देवळाच्या बाहेर उभा राहीन.

इळंगो

•

साळिग्रामम
१ सप्टेंबर

अक्का,

जे तुझ्यासमोर घडलं ते तुलाच लिहितोय, हे वेडेपणाचं दिसेल. पण तू एका बाजूने बघत होतीस. माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगतो.

सकाळी बसमधून उतरलो तर भिंतीवर तू अजून होतीस. शेळीने हनुवटीपर्यंत खाल्लं होतं, वरचा शांत चेहरा शाबूत. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि नखांनी काढायला लागलो. खळ चांगली होती, निघता निघेना. शेजारचा पानवाला बाटलीतलं पाणी घेऊन आला.

‘‘भिजवा आधी. घरातलं कुणी?’’

‘‘बहीण.’’

‘‘अरेरे. कधी गेली?’’

‘‘गेली नाही. आहे.’’

‘‘मग हे कुणी लावलं?’’

‘‘भावाने.’’

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘इस्टेटीचा वाद?’’

मी म्हटलं, तसंच काहीसं.

मामाचं ताट वाजतगाजत यायचं असतं, तीस-चाळीस माणसं, पुढे ढोल. मी रिक्षातून तीन ताटं मांडीवर घेऊन आलो. वळणावर नारळ घरंगळले, रिक्षावाला उतरून पकडत होता. गावदेव अय्यनारच्या देवळाबाहेर, मातीच्या घोड्यांपाशी मी उभा राहिलो. आत अमुदनचं डोकं भादरणं चाललं होतं, त्याचा आक्रोश बाहेर ऐकू येत होता. सेल्लदुरै नवी वेष्टी नेसून पाटावर बसलेला. मांडी खरंच रुंद आहे.

पुजाऱ्याने मला बघितलं. अय्यनारची पूजा कुंभारांकडे, आणि तो म्हातारा कुंभार आपल्या आजोबांनाही नावाने ओळखायचा. त्याने हातातली घंटा खाली ठेवली. ‘‘हा सेंगमलमचा सख्खा भाऊ ना? हातात ताट घेऊन, धडधाकट उभा आहे. मग मांडी दुसऱ्याची कशी?’’

सेल्लदुरै म्हणाला, ‘‘मला काही नाही. मी उठतो. पाय अवघडलेतच.’’

पुजारी तुझ्याकडे वळला. ‘‘सांग गं. तुमचं भांडण तुमच्या घरी. अय्यनारसमोर सख्खा मामा बाहेर उभा ठेवून मी सुई लावू देणार नाही.’’

तू पुढे आलीस. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकणार म्हणून मी ताटं खाली ठेवली. तू कमरेवर हात ठेवलास, मान जराशी तिरकी केलीस आणि म्हणालीस:

‘‘ये. नियतीने मांडलेला पाट आहे हा. बसणारा बसतो, उठणारा राख होतो.’’

भाग अठ्ठेचाळीस. माझं वाक्य.

सगळे खळखळून हसले. कयल हसली, चित्ती हसली, पुजारीही. लोकांना वाटलं, मिटलं. आच्ची आली, आच्ची आली, म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पाटावर बसलो.

अमुदनला माझ्या मांडीवर दिलं. नुकतं भादरलेलं डोकं, चंदन लावलेलं, गार. सोनाराने सुई काढली तसं त्याने माझं बोट धरलं, आणि सुई लागली तसा त्या बोटाला चावला. दुसऱ्या कानाच्या वेळी त्याने वेष्टीची तीच दशा केली जी त्याच्या आईने केली होती. मी त्याला घट्ट धरून होतो. जे मागत होतो ते मांडीवर होतं. पण ते मला पुजाऱ्याने दिलं होतं, रीतीने दिलं होतं. तू दिलं नव्हतंस.

पंगतीत तू मटण वाढत आलीस. माझ्या पानापाशी थांबलीस. ‘‘पोटभर जेव. ज्याला मी नेणार, त्याला उपाशी नेत नाही.’’ भाग एकोणीस. आजूबाजूचे ठसका लागेपर्यंत हसले. सेल्लदुरै म्हणाला, ‘‘अक्का, आणखी एक, आणखी एक!’’ मी पाया पडलो तेव्हा ‘‘माझ्या शापाला पुरशील इतकं जग.’’ तो पहिल्याच आठवड्यातला. पान उचलताना, हात धुताना, विडा देताना, प्रत्येक वेळी माझंच काहीतरी माझ्या पानात. एकही शब्द तुझा नाही. चोरासमोर बाईने चोराचेच दागिने घालून फिरावं तसं.

आणि अक्का, किती वाईट लिहितो मी! तू बोलतेस म्हणून ते इतके दिवस बरं वाटत होतं. घोड्यांच्या पायथ्याशी, उन्हात, मटणाच्या वासात ती वाक्यं अशी उघडी पडली की मला लोकांच्या हसण्याचा हेवा वाटला.

चिंचेखाली तू एकटी सापडलीस तेव्हा मी म्हटलं, ‘‘अक्का, घरचं काहीतरी बोल. शिवी दे. पण तुझी दे.’’

तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे, पेन होतं तिथे. आणि म्हणालीस, ‘‘या विहिरीत वाकून बघू नकोस. तिला तुझं तोंड परत द्यायची सवय नाही.’’ ते मी लिहिलं तेव्हा त्याचा काही अर्थ नव्हता. पाच सेकंद कमी पडत होते म्हणून घातलं होतं.

मी निघालो. कुणाला सांगितलं नाही. रस्त्यापर्यंतची ती पायवाट संपत आली तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. तू केळ्यांचा घड घेऊन येत होतीस, धापा टाकत. घड माझ्या हातात दिलास. बस लांबून दिसत होती. तू माझा खांदा धरलास, मला खाली वाकवलंस आणि कानाशी बोललीस. नाटकातला आवाज नव्हता, आच्चीचा नव्हता. धाप होती, पान खाल्ल्याचा वास होता. एकच वाक्य. मग तू वळलीस आणि चालायला लागलीस, आणि बस आली.

ते वाक्य मी इथे लिहीत नाही. ज्या बाईने ते म्हटलं तिला पाठवायच्या पत्रातही नाही. चेन्नईपर्यंत मी ते मनात म्हणत आलो आणि प्रत्येक वेळी हात मांडीखाली दाबून बसलो. चांगलं की वाईट हेही कुणाला सांगणार नाही.

आज सकाळी दंडपाणी सारांकडे बैठक होती. सगळे आधीच बसले होते. मी आत गेलो तसे ते खुर्ची ओढून म्हणाले, ‘‘ये, ये. बहिणीला भेटून आलास ना? मग बोल, काय आणलंस?’’

‘‘केळी,’’ मी म्हणालो, आणि घड टेबलावर ठेवला.

तुझा तंबी